वन्संची अकरावी शंका

त्या संस्थेत सगळे त्यांना वन्सं म्हणत. दारावरचा पहारेकरी म्हणे, संचालक म्हणत, आणि बाहेरून आलेले पाहुणेही दोन दिवसांत म्हणायला लागत. तो एखादा मोठा हुद्दा असावा अशा समजुतीनं जरा अदबीनंच. खरं तर त्या जगात एकाच बाईच्या नणंद होत्या. ती बाई त्याच मजल्यावर चार खोल्या सोडून बसायची. लग्नाची रजा संपवून ती कामावर आली त्या पहिल्याच दिवशी भर बैठकीत तिच्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, तो आधीचा आलेख पुन्हा दाखवा ना." सगळी बैठक हसली. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. हसणाऱ्यांनी लगोलग तिलाही वहिनी करून टाकलं, म्हणजे फिट्टंफाट.

हे लग्न जमलं तेही एका दाढेमुळे. वहिनी तेव्हा संस्थेत नवी, शहरात नवी, आणि दाढ ठणकत होती. वन्संचा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. "माझ्या भावाकडे चल, हात हलका आहे त्याचा," म्हणून वन्संच तिला घेऊन गेल्या. दाढ काढायला गेलेली मुलगी वर्षभरात सून होऊन घरात आली. वन्सं वरच्या मजल्यावर, हे दोघं खालच्या, आणि जेवण एकत्र. डॉक्टर दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावी. घरी बहीण आणि बायको बोलायला लागल्या की त्याला स्वतःचं तोंड उघडायची संधी काही मिळत नसे.

दोघींचं काम एकाच दुर्बिणीवर होतं. कपाटाएवढी ती वस्तू आठ वर्षांपासून पृथ्वीभोवती फिरत होती, दर दीड तासाला एक फेरी. तिला बघायचा होता अतिनील प्रकाश. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दूरच्या आकाशातून आलेला तर वरच्या हवेतच अडतो, खाली पोचतच नाही. आपल्या कातडीच्या दृष्टीनं ही फार चांगली गोष्ट आहे आणि खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीनं फार वाईट. म्हणून हवेच्या वर जायचं. दुर्बीण वर बघणार, तिनं टिपलेलं खाली येणार, आणि या दोघी दहा ते सहा खुर्चीत बसून ते चाळणार. "रात्र-रात्र जागत असाल ना हो?" असं शेजारणी कौतुकानं विचारत, तेव्हा "नाही, साडेदहाला झोपते" म्हणताना वहिनीला उगाच अपराधी वाटे.

दुर्बिणीतला डिटेक्टर, म्हणजे आत आलेला प्रकाश एकेका कणानं मोजणारं यंत्र, वन्संनी बांधलेला होता. बांधायला अकरा वर्षं लागली. दुर्बीण वर जाण्याआधी त्याला शेवटचा हात लावला तो त्यांनी, आणि त्याची एकूण एक खोड त्यांना पाठ होती. कुठल्या कोपऱ्यात तो उगाच लुकलुकतो, कुठे जरा मंद आहे, ऊन कुठून आलं की बिथरतो. संस्थेतल्या कुणाला चित्रात काही नवं दिसलं की तो आधी वन्संच्या दारात उभा राही. बहुतेक जण पाच मिनिटांत मान खाली घालून परत जात. "हे माझ्या यंत्राचं पोर आहे, आकाशाचं नाही," एवढं एक वाक्य त्यांना पुरे.

वहिनी सहा वर्षं एक गळकी दीर्घिका शोधत होती. गळकी हा शब्द तिचाच. तरुण दीर्घिकांमध्ये नुकते जन्मलेले तप्त तारे भरमसाट अतिनील प्रकाश ओकतात, पण त्यांच्याभोवतीचा हायड्रोजन वायू तो जागच्या जागी गिळून टाकतो. बाहेर काही म्हणजे काही येत नाही. वहिनीचं म्हणणं, एखाद्या दीर्घिकेत तरी त्या वायूला भोक पडलेलं असणारच, आणि तिथून थोडा प्रकाश निसटून आपल्यापर्यंत येत असणार. विश्वाच्या लहानपणी सगळीकडे भरून राहिलेलं वायूचं मळभ अशाच गळतीनं निवळलं असावं, असा पुष्कळांचा कयास होता. पण इतक्या दूरची, इतक्या तीव्र प्रकाशाची गळती प्रत्यक्ष कुणी दाखवली नव्हती.

एका मंगळवारी सकाळी ती तिला दिसली.

आकाशाचा एक तुकडा होता, हात लांब करून धरलेल्या तांदळाच्या दाण्याआड झाकला जाईल एवढा. दुर्बिणीनं त्याच्याकडे जमवून-जमवून सव्वीस तास बघितलं होतं. त्या तुकड्यात एक चिमुकली दीर्घिका आहे हे दुसऱ्या दुर्बिणींमुळे आधीच ठाऊक होतं. तिचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती, नऊ अब्ज वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनीनं त्या जागेभोवती एक छोटं वर्तुळ काढलं आणि आतले कण मोजले. रिकाम्या आकाशात तेवढ्याच वर्तुळात सरासरी तीस कण पडत होते. इथे एकसष्ट होते.

तिनं पुन्हा मोजले. एकसष्ट. मग ती उठली, खिडकी उघडली, बंद केली, आणि जवळजवळ पळतच चार खोल्या ओलांडून गेली.

वन्संनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. चित्र बघितलं. वहिनी मागे उभी राहून त्यांच्या मानेकडे बघत होती. मान हलली तर कोणत्या बाजूनं हलते, एवढंच तिला बघायचं होतं.

"नाही गं," वन्सं म्हणाल्या.

"नाही म्हणजे? एकसष्ट आहेत वन्सं. दुप्पट!"

"माझ्या डिटेक्टरचा हा कोपरा मला आवडत नाही."

"आवडत नाही हे काय कारण झालं?"

"तीन वर्षांपूर्वी त्याच बाजूला एकदा लुकलुकलं होतं. तुझ्या दीर्घिकेनं नेमका तोच कोपरा गाठावा, हे जरा जास्तच होतं. ठेव बाजूला."

"सहा वर्षं शोधतेय मी!"

"म्हणूनच तुला दिसतंय," वन्सं म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा कपाळावर गेला.

हे शेवटचं वाक्य वहिनीला फार लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं दोन शब्द सुनावले असते. नणंदेला काय सुनावणार? ती आपल्या खोलीत परतली, आणि त्या दिवसापासून दोघींमध्ये नुसतं कामापुरतं बोलणं उरलं. घरी जेवताना मीठ हवं असलं तरी दोघी डॉक्टरमार्फत मागवत. "तुझ्या बायकोला म्हणावं, मीठ." "तुझ्या बहिणीला सांग, संपलंय." डॉक्टर मिठाची बरणी इकडून तिकडे फिरवी आणि मनातल्या मनात दिवस मोजी. अठराव्या दिवशी त्याला संधी मिळाली, कारण वहिनीच्या दाढेतलं जुनं सिमेंट निघालं.

शनिवारी सकाळी त्यानं तिला आपल्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर ओढला, गालात कापसाचे दोन बोळे खोचले, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवली आणि मग निवांतपणे स्टूल पुढे घेऊन बसला.

"आता ऐक," तो म्हणाला. "सोळा वर्षांत पहिल्यांदा तू मधे बोलू शकत नाहीस."

"आं?"

"ताईबद्दल. हलू नकोस, तोंड मोठं कर. तुला वाटतं ती पहिल्यापासून यंत्रंच बांधत आलीय? नाही. ती तुझ्यासारखीच होती. आकाशवाली. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी तिला एका चित्रात दीर्घिकेभोवती एक कडं सापडलं. पूर्ण गोल. असं कुणी पाहिलंच नव्हतं. महिनाभर जेवण गोड लागेना तिला. मोठ्या सभेत जाऊन जाहीर केलं. मी गेलो होतो बरोबर, तिची पेटी उचलायला."

"आं आं?"

"सांगतो. बोलून झालं, टाळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. त्यानं एकच विचारलं, 'बाई, शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचं प्रतिबिंब तुम्ही तपासलंत का?' तिनं तपासलं नव्हतं. ते कडं म्हणजे दुर्बिणीच्या आतल्या काचेवर पडलेली त्या ताऱ्याची सावली... सावली नव्हे गं, काय म्हणतात ते, झळ. आकाशात काही नव्हतंच. तिला तिथेच, उभ्या-उभ्या कळलं. म्हातारा वाईट नव्हता, हसलासुद्धा नाही. पण ती खाली बसली ती त्यानंतर कुठल्याही सभेत बोलायला उभी राहिली नाही. घरी आल्यावर म्हणाली, बंड्या, आता मी असं यंत्र बांधते की जे खोटं बोलणार नाही."

वहिनीच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. डॉक्टरनं हात थांबवला.

"दुखतंय?"

तिनं नाही अशी मान हलवली. मग बोळे काढायची खूण केली.

"अजून सिमेंट ओलं आहे," तो म्हणाला. "दहा मिनिटं. आणि मी सांगितलं हे तिला कळता कामा नये. कळलं तर माझे दात मला दुसऱ्याकडून बसवून घ्यावे लागतील."

सोमवारी वहिनी वन्संच्या खोलीत गेली. तिनं दवाखान्यातलं काही काढलं नाही. कोरा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्या मनात जेवढ्या शंका आहेत तेवढ्या सगळ्या लिहून द्या. एकही राखून ठेवू नका."

वन्संनी तिच्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "एक कागद पुरणार नाही," त्या म्हणाल्या. पण आवाज बदलला होता. संध्याकाळपर्यंत तीन कागद भरले. मोजून अकरा शंका होत्या, एकेकीला आकडा घालून, सुवाच्य अक्षरात, समासासकट. त्या दिवशी जेवताना वन्सं थेट म्हणाल्या, "वहिनी, मीठ दे गं." डॉक्टरनं देवाचे आणि दंतवैद्यकाचे आभार मानले.

मग सुरू झालं खरं काम. पहिली शंका अशी, की तो एखाद्या कृत्रिम उपग्रहाचा उजेड असेल. वहिनीनं सव्वीस तासांतला प्रत्येक कण कुठल्या मिनिटाला पडला ते काढलं. कण सगळ्या तासांत सारखे विखुरलेले होते, उपग्रह तर क्षणात निघून जातो. पहिली शंका गेली. वन्संनी कागदावर तिच्यावर काट मारली आणि खाली तारीख टाकली. दुसरी शंका, शेजारच्या ताऱ्याची झळ. त्या शंकेच्या खाली वन्संनी दोन रेघा ओढल्या होत्या. वहिनीला त्या रेघांचा अर्थ ठाऊक होता, म्हणून त्या एका शंकेवर तिनं सहा आठवडे घातले. दुर्बिणीच्या आतल्या प्रत्येक काचेवरून प्रकाश कसा उसळेल याची गणितं केली, तसेच तेजस्वी तारे असलेली दुसरी पन्नास चित्रं तपासली. झळ त्या जागी पडूच शकत नव्हती. वन्संनी ती गणितं घरी नेली, चार दिवस ठेवली, एक बारीक चूक काढून दिली, जिनं उत्तर बदलत नव्हतं, आणि मगच काट मारली.

संस्थेत याची गंमत होऊन बसली. चहाच्या खोलीत लोक विचारायचे, "किती उरल्या?" कुणी म्हणे सात, कुणी म्हणे पाच. तिसरीच्या वेळी वहिनी हरता-हरता वाचली. सहावी तर इतकी किचकट निघाली की वन्संनाच ती नीट समजावून सांगता येईना, तेव्हा दोघी फळ्यासमोर बसून आधी शंका दुरुस्त करत बसल्या आणि मग तिचं उत्तर. "तुम्ही आता माझ्या बाजूनं आहात की विरुद्ध?" वहिनीनं विचारलं. "मी शंकेच्या बाजूनं आहे," वन्सं म्हणाल्या, आणि दोघी खडूनं माखलेल्या हातांनी हसत सुटल्या.

पाच महिन्यांत दहा शंका गेल्या. अकरावी उरली, आणि ती होती पहिल्या दिवशीचीच: डिटेक्टरचा तो कोपराच आपोआप लुकलुकत असेल तर? हिला गणितानं उत्तर नव्हतं. एकच मार्ग होता. दीर्घिकेचा प्रकाश डिटेक्टरच्या दुसऱ्या भागावर पाडून बघायचा. ठिपका आकाशातला असेल तर दीर्घिकेबरोबर नव्या जागी जाईल. यंत्राचं पोर असेल तर जुन्याच कोपऱ्यात बसून राहील.

ते जमण्यासारखंही होतं. दुर्बिणीचे पंख, म्हणजे वीज बनवणाऱ्या सौरपट्ट्या, सूर्याकडे ठेवावे लागतात, त्यामुळे सहा महिन्यांनी ती आकाशाच्या त्याच तुकड्याकडे उलटी होऊन बघते. डावं ते उजवं होतं, वरचं खालचं. ते दिवस पुढच्याच महिन्यात येत होते. फक्त दुर्बिणीचा वेळ मिळायला हवा होता, निदान वीस तास.

वेळ वाटणाऱ्या समितीनं वहिनीचा अर्ज नाकारला. कारण दोन ओळींत होतं: ठिपका फार फिका, मागितलेला वेळ फार जास्त, आणि त्या महिन्यातले तास आधीच दिलेले. पुढची संधी एका वर्षानंतर. आणि दुर्बीण आता म्हातारी होत चालली होती, वर्षभर ती धड राहीलच असं कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

त्यानंतरच्या बैठकीत संचालक महिन्याची यादी वाचत होते. "...आणि अकरा ते चौदा तारीख, नेहमीप्रमाणे वन्संचा प्रमाण तारा."

हा प्रमाण तारा म्हणजे वन्संचा जीव की प्राण. दरवर्षी त्याच दिवसांत त्या दुर्बीण एका ठरावीक, कधीही न बदलणाऱ्या ताऱ्याकडे वळवत आणि डिटेक्टरची नजर किती कमी झाली ते मोजत. आठ वर्षं, एकदाही खंड नाही. त्या तासांना हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. मागे एका पाहुण्या प्राध्यापकानं नुसतं विचारलं होतं, तर त्याला पाऊण तास डिटेक्टरच्या वार्धक्यावर ऐकून घ्यावं लागलं.

"प्रमाण तारा यंदा नको," वन्सं म्हणाल्या.

संचालकांनी चष्म्यावरून बघितलं. "नको म्हणजे?"

"ते तास वहिनीला द्या. बावीस आहेत, तिला वीस पुरतात. दोन तास मी ताऱ्याला देते, ओझरतं बघून घेईन."

"वन्सं, तुमची आठ वर्षांची मालिका तुटेल!"

"तुटेल, ठाऊक आहे मला. माझीच आहे."

वहिनी अर्धवट उठली. "वन्सं, नको. मी वर्षभर थांबेन."

"तू बस खाली. मी काही तुझ्यावर उपकार करत नाही," वन्सं म्हणाल्या. "मला वाटतं तो माझ्या यंत्राचा दोष आहे. तसं असेल तर मला कळायला नको? मी तुझं म्हणणं खोटं पाडायला वेळ देतेय."

संचालकांनी यादीत खाडाखोड केली आणि खाली मान घालून हसले. बाकीच्यांनीही मग हसून घेतलं. वहिनी तेवढी हसली नाही. ती आपल्या वहीत उगाच चौकोन काढत बसली, कारण वर बघितलं असतं तर रडू आलं असतं.

निरीक्षण झालं. कणांच्या नोंदी खाली यायला आणि नीट लावायला आठवडा गेला. त्या सोमवारी दहा वाजता दोघी वन्संच्या खोलीत आल्या, आणि आकडे बघण्याआधी वन्संनी फळ्यावर लिहिलं: वीस तासांत रिकाम्या जागी तेवीस कण अपेक्षित. ठिपका खरा असेल तर नव्या जागी सत्तेचाळीसच्या आसपास आणि जुन्या कोपऱ्यात तेवीसच्या. खोटा असेल तर उलट.

"हे आधी लिहून ठेवायचं," त्या म्हणाल्या, "म्हणजे मागाहून कुणाला आपलं मत बदलता येत नाही. मलासुद्धा. आता तू बाहेर जा."

"का?"

"तू इथे असलीस की माझ्या मानेकडे बघतेस."

वहिनी बाहेर आली. चहाच्या खोलीत सतरा कप पडले होते. तिनं ते धुतले. पुसून लावले. मग धुतलेलेच पुन्हा धुतले. डॉक्टरचा फोन आला. "काय झालं?" "मोजतायत." "मी एका रुग्णाचं तोंड उघडं ठेवून आलोय, लवकर सांग." "अरे, आधी त्याच्याकडे जा!" "तोच म्हणाला, विचारून या. त्याला सगळं माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे."

चहाच्या खोलीचं दार उघडलं. वन्सं दारात उभ्या होत्या. चष्मा हातात होता, कपाळावर नाही आणि नाकावरही नाही.

"तीनदा मोजले," त्या म्हणाल्या.

"किती?"

"नव्या जागी चव्वेचाळीस."

वहिनीच्या हातात कप होता, तो तिनं घट्ट धरला. "आणि कोपऱ्यात?"

"बावीस. कोपऱ्यात काही नाही. रिकामा आहे." वन्संनी हातातला चष्मा मिटला, पुन्हा उघडला. "वहिनी, तो कोपरा चांगला आहे गं. माझं यंत्र चांगलं आहे. मी उगाच आठ वर्षं त्याच्यावर संशय घेत आले."

"आणि दीर्घिका?"

"दीर्घिका गळकी आहे!" वन्सं एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी कुठल्या नळाबद्दल तक्रार आहे म्हणून वर धावत आला. तोवर नणंद-भावजया एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, मधे एक ओला कप होता, आणि फोनमधून डॉक्टर "हॅलो, हॅलो, हो की नाही तेवढं सांगा, त्याचा जबडा दुखतोय" असं विनवत होता.

पाच मिनिटांनी वन्संनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि म्हणाल्या, "बारावी शंका."

"वन्सं!"

"अगं, नेमकी त्याच रेषेत एखादी जवळची, बारकी दीर्घिका पुढे येऊन बसली असेल तर? तिचाच प्रकाश असेल. बघायला नको?"

बघितलं. दुसऱ्या एका मोठ्या दुर्बिणीच्या अतिशय रेखीव चित्रात त्या जागी एकच दीर्घिका होती, पुढे-मागे कुणी नाही. दोन महिने त्यात गेले. मग लेख लिहिला, त्यावर दोघींची नावं घातली, आणि कुणाचं आधी यावरून आठवडाभर वाद झाला, कारण दोघीही दुसरीचं आधी घालत होत्या. शेवटी डॉक्टरनं चिठ्ठ्या टाकल्या. वहिनीचं आलं.

वसंतात दूरच्या एका शहरात सभा होती. वहिनी बोलायला उभी राहिली तेव्हा सभागृह भरलेलं होतं. वन्सं शेवटून दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या, लागलंच तर पटकन उठून जाता यावं अशा बेतानं. वहिनी छान बोलली. ठिपका दाखवला, उलटा ठिपका दाखवला, आकडे दाखवले. टाळ्या झाल्या. प्रश्नांना सुरुवात झाली आणि तिसऱ्या रांगेतली एक नावाजलेली प्राध्यापिका उठली. "काम सुरेख आहे," ती म्हणाली. "पण जवळच एक तेजस्वी तारा दिसतोय. त्याच्या प्रतिबिंबाचं काय केलंत?"

उत्तर वहिनीला तोंडपाठ होतं. तरी ती थांबली. तिनं मागच्या रांगांकडे बघितलं, फक्त बघितलं.

वन्संनी पर्स शेजारणीच्या मांडीवर ठेवली. ती शेजारीण त्यांना अनोळखी होती. पण त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्या उभ्या राहिल्या.

"ते मी सांगते," त्या म्हणाल्या. ध्वनिक्षेपक त्यांच्यापर्यंत येईतो त्यांनी पहिलं वाक्य संपवलंही होतं. पहिल्या दोन वाक्यांना आवाज बारीक होता. मग त्या काचांवर आल्या, कुठली काच किती अंशांनी कललेली, तिच्यावरून काय कुठे उसळतं, आणि आवाज सुटला. पाच मिनिटं झाली. प्राध्यापिकेनं समाधानानं मान डोलावली आणि ती खाली बसली, तरी वन्सं चालूच. सात मिनिटं. अध्यक्षांनी हळूच घंटी वाजवली. "शेवटचं सांगते," वन्सं म्हणाल्या आणि अजून चार मिनिटं बोलल्या. लोक हसायला लागले, पण आनंदानं, आणि शेवटी ज्या टाळ्या पडल्या त्या वहिनीला पडल्या होत्या त्याहून मोठ्या होत्या. वहिनी व्यासपीठावरून स्वतःही वाजवत होती.

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "फार बोलले का गं मी?"

"फार," वहिनी म्हणाली. "मला पुढचे दोन प्रश्न मिळालेच नाहीत."

"बरं झालं. त्यातला एक मला माहीत होता, अवघड होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी शहर बघायचं ठरवलं होतं. हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत वन्संनी नकाशा उघडून नदीपासून संग्रहालयापर्यंतचा रस्ता बोटानं आखला होता. तेवढ्यात एक तरुण मुलगी टेबलाशी आली. छातीशी लॅपटॉप कवटाळलेला, डोळे तारवटलेले. ती कुठल्या तरी लांबच्या विद्यापीठातली संशोधक होती.

"काल तुम्ही बोललात ना," ती वन्संना म्हणाली, "मला पण एक ठिपका सापडलाय. आमच्याकडे सगळे म्हणतात, छापून टाक. मला... मला जरा भीती वाटतेय."

वन्संनी तिच्याकडे बघितलं. नकाशाची घडी घातली. बशी बाजूला सारली, शेजारची खुर्ची ओढली.

"चहा घेतलास?"

"नाही."

"मग आधी चहा घे. आणि उघड ते. कुठल्या यंत्राचं चित्र आहे? यंत्र बांधलं कुणी? त्यांना विचारलंस का?"

आता तीन तास तरी हे संपत नाही, हे वहिनीनं ओळखलं. तिनं नकाशा पर्समध्ये टाकला, खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलली आणि नदी बघायला एकटीच बाहेर पडली. बाहेर लख्ख ऊन होतं.